हलकं काडतूस

गुरांच्या रँचवर राहणाऱ्या लोरीनच्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. तिने विचारलं होतं, "प्रोफेसर, खांदा अधू झालाय, मोठी रायफल झेपत नाही. बाबांच्या रायफलच्या हलक्या काडतुसाने एल्क पडेल, की शिकार सोडून देऊ?" एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. माझ्या शब्दावर ते जखमी होऊन रानात तडफडलं तर? मी पुस्तकं चाळत राहिलो. एकोणीस पुस्तकांत एकोणीस मतं निघाली.

परवा ती मांसाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. "काय प्रोफेसर, जिवंत आहात होय! घ्या, हे माझं नववं एल्क."

"कुठल्या काडतुसाने?"

"त्याच हलक्या! अगदी जवळ जाता आलं तर बार काढायचा, नाहीतर मुकाट घरी यायचं. एवढंही नाही तुमच्या पुस्तकांत?"

आज उत्तर पोस्टात टाकलं: "हलकं काडतूस बहुधा चालेल. संदर्भ: कालचा रस्सा."