हलकी बाबागाडी

मनिलाच्या विमानतळाजवळच्या मॉलमध्ये जोव्हेलिन बाबागाडी निवडत होती. तिची दीड वर्षांची मुलगी मायुमी आजोबांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. गंमत म्हणजे जोव्हेलिन स्वतः एकाही गाडीला हात लावत नव्हती. प्रत्येक गाडी वडिलांनाच उचलायला लावत होती.

"ताताय, ही बघा. मायुमीला खाली न ठेवता, एका हातानं मिटा."

म्हाताऱ्यानं खटका दाबला. गाडी अर्धीच मिटली आणि त्यांचं बोट चिमटलं.

"अगं, गाडी कशाला हवी? मी घेईन की हिला कडेवर."

"आणि कंबर धरली की मग? परत करा. आधी खटका, मग दांडा."

त्यांनी परत केलं. गाडी परत अडकली. जोव्हेलिनचा आवाज चढला, "असं नाही हो! नीट बघा ना!"

दुकानातल्या मुलीला म्हाताऱ्याची दया आली. तिनं सगळ्यात हलकी गाडी आणून दिली. ती मात्र पटकन मिटली, तसे आजोबा खुशीत हसले. जोव्हेलिन हसली नाही. "अजून एकदा," एवढंच म्हणाली.

"राहू द्या ना मॅडम," ती मुलगी म्हणाली. "विमानात तुम्ही असालच की सोबत. त्यांना कशाला एवढा त्रास?"



"विमानात मी एकटीच असणार आहे गं, दोन वर्षं कामासाठी चाललेय, हे दोघं मला विमानतळावर सोडून बसनं गावी परततील."