अक्कांचा नंबर

देवश्रीने 'पैसे पाठवा'वर बोट ठेवलं आणि कान खालच्या स्वयंपाकघराकडे लावला. कौशल्याअक्कांचा फोन घुरघुरला.

मॉरिशसहून वडील पाठवत ते पैसे देवश्रीच्याच खात्यात असत. पण त्यातलं काही हलवायचं, तर ओटीपी अक्कांच्या फोनवर येई. खातं उघडलं तेव्हा तिच्याकडे इथला नंबर नव्हता. "माझा घाल की, मी काय परकी?" असं म्हणत अक्कांनीच आपला दिला होता. तो बदलायला ती काल बँकेत गेली. काउंटरवरचा माणूस चांगला होता. जुन्या नंबरवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा, म्हणाला.

ती जिना उतरली. अक्का स्वयंपाकघरात खाली बसून अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या या घरात वरच्या मजल्यावर त्या कॉलेजच्या मुली ठेवत, आणि दिवेलागणीला फाटकाला कुलूप घालत.

"अक्का, कृपया संदेश वाचा."

"कृपया!" अक्का हसल्या. "सरकारी बोर्डासारखं बोलतीस बघ. आता काय मागवलीस? परवा ते चीजचं मागवलीस आणि रात्रभर पोट धरून बसलीस. मी तुझ्या पप्पांना सांगितलं तरी का?"

"सांगितलंत."

"ते त्यांनी विचारल्यावर."

देवश्रीच्या फोनवरची, ओटीपीची मुदत दाखवणारी लाल पट्टी आखडत होती. बेळ्ळंदूरच्या वसतिगृहाच्या बाईंनी तिच्यासाठी खाट आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवली होती. आगाऊ पैसे आले नाहीत, तर ती दुसरीला जाणार होती. तिथे फाटकाची किल्ली प्रत्येकीकडे असते.

अक्कांनी हात पदराला पुसले. चष्मा शोधला; तो डोक्यावरच होता. फोन लांब धरून त्या वाचू लागल्या. आकडे त्यांनी वाचले नाहीत. आकड्यांच्या पुढचं वाचलं.

"संयोगिता लेडीज होम. बेळ्ळंदूर."

देवश्रीने लाल पट्टीकडे पाहिलं.

"जेवणात काही कमी पडलं?"

"नाही, अक्का."

"मी काही बोलले?"

"नाही."

"मग?"

शाळेत शिकलेल्या मराठीत तिने सोपं कारण जुळवलं. "तिथून कॉलेज जवळ आहे," ती म्हणाली.

अक्कांनी फोन पालथा करून शेंगांवर ठेवला. "बस. स्वल्प सोल माझ्याबरोबर. तुला आवडतात म्हणून एवढ्या आणल्या. एकटीनं कधी व्हायच्या?"

"अक्का, तो नंबर..."

"सांगते की. कुठं पळून चाललाय तो?"

देवश्री बसली. पहिली शेंग तिच्या हातून नीट उकलेना. अक्कांनी ती काढून घेतली, अंगठ्याने फोडली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले. मांडीवरच्या फोनमधली लाल पट्टी संपली.

तिने 'पुन्हा पाठवा' दाबलं.

अक्कांनी ओंजळभर सालं उचलली आणि आपल्या फोनवर टाकली. सालांचा ढीग घुरघुरला आणि हलला. अक्कांनी पुढची शेंग घेतली.