पानांमागचं नाव

फुलदाणी टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, "त्याचं नाव काढून द्या."

मी लगेच ओळखली. माघात मुलीच्या लग्नासाठी त्यांनी माझ्याकडूनच कोरून घेतली होती. एका अंगाला 'हेमांगी', बरोबर मागे 'तुषार'. एका नावातून दुसरं दिसावं, ही तेव्हा त्यांचीच हौस. परवा हेमांगीचा तेरावा झाला. तिच्या खुनाच्या आरोपावरून जावई कोठडीत आहे.

"काचेवर कोरलेलं पुसता येत नाही, मावशी. त्याहून खोल कोरता येतं फक्त. नावावर पानं कोरतो."

त्या समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. मी मशीन चालू केलं, टोकावर पाण्याची धार धरली आणि त्याच्या एकेका अक्षरावर कडुलिंबाची पानं चढवत गेलो. तासाभराने फुलदाणी पुसून त्यांच्या हातात दिली. त्या बाजूने बघताना नाव कुठेच दिसत नव्हतं.

त्यांनी ती फिरवून लेकीचं नाव स्वतःकडे केलं आणि खिडकीच्या उजेडात धरली. हेमांगीच्या मागे, पानांच्या गर्दीतून, तुषार अजून उलटा वाचता येत होता.

"आणखी खोल घ्या."

"काच तिथे कागदासारखी झालीय, मावशी. आता जरा जरी दाब दिला तरी फुटेल."

"फुटू द्या," त्या म्हणाल्या. फुलदाणी माझ्यापुढे सरकवली, पण हात काढला नाही. "तिला मात्र मी दर फोनवर सांगत राहिले, सांभाळून घे, संसार मोडू नकोस म्हणून."