पांढरीशुभ्र पूड

गौरांगीने हरकरे सरांच्या बाटलीतली तपकिरी पूड वेस्टच्या डब्यात ओतली आणि झाकण घट्ट लावलं. मग स्वतः केलेली पांढरीशुभ्र पूड नव्या बाटलीत भरली, वर सरांच्या नावाचं लेबल चिकटवलं आणि बाटली हॅमिल्टनला जायच्या खोक्यात ठेवली.

लॅब मॅनेजर रश्मी दारात उभी राहून हे पाहत होती.

"अजून किती दिवस चालवणारेस हे?"

"त्यांना जमतंय तोवर."

"त्यांना जमतच नाहीये, गौरांगी. दॅट्स द पॉइंट."

गौरांगीने सरांची रिकामी बाटली धुवायला घेतली. अरविंद हरकरे तरुणपणी नागपूरहून कॅनडातल्या वॉटर्लूला आले आणि इथेच प्राध्यापक म्हणून रिटायर झाले. गौरांगीने पीएच.डी. केली ती त्यांच्याच हाताखाली. आता ही लॅब तिची होती. निवृत्तीनंतर सरांनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, खिडकीजवळचा कोपरा. "घरी बसलो तर शुभदा मला भाज्या चिरायला लावेल," असं ते म्हणाले होते.

काम म्हटलं तर सरळ होतं. कार्बनच्या कडीत एक नायट्रोजनचा आणि एक गंधकाचा अणू बसवायचा, कडीला दरवेळी वेगळं शेपूट जोडायचं आणि तयार झालेला पदार्थ हॅमिल्टनला चारुदत्तकडे पाठवायचा. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू चारुदत्त काचेच्या थाळ्यांत वाढवत असे. शंभरातला एखादा पदार्थ त्यांना जरा त्रास देई. बाकीचे वाया.

पण सरांचे हात आता थरथरत. आकडे नीट दिसत नसत. मिश्रण हवं त्यापेक्षा जास्त तापे, कधी तसंच तापत राही. त्यांची पूड शुद्धता तपासायच्या मशीनवर लावली की हव्या त्या पदार्थासोबत दहा भलतेच पदार्थ दिसत. फ्लास्क कसा धरायचा इथपासून ज्यांनी शिकवलं, त्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून रविवारी दुपारी, लॅब रिकामी असताना, गौरांगी तोच पदार्थ पुन्हा करी. स्वच्छ, चोख. नाव सरांचंच राही.

सर सोमवारी यायचे आणि खोक्यात डोकावून समाधानाने मान हलवायचे. "गेली का आपली पोरं हॅमिल्टनला?"

"निघालीच सर."

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. गौरांगीची मुलगी ईरा तापाने फणफणली होती. शेजारच्या केंब्रिज गावातल्या घरून निघणंच अशक्य होतं, त्यामुळे तो आठवडा तिने घरीच काढला. खोकं आधीच भरून ठेवलेलं असल्यामुळे ती निर्धास्त होती.

मार्चमध्ये चारुदत्तचा फोन आला. त्याचा आवाज चढला होता.

"गौरांगी, सरांच्या नावाच्या बाटलीत काय पाठवलंयस तू? थाळीत जंतूच नाहीत. आय मीन, एकही नाही! मी तीनदा चेक केलं."

त्या दिवशी शुभदाकाकूंनी डबा भरून सांज्याच्या पोळ्या पाठवल्या. सगळ्यांनी लाउंजमध्ये उभ्याउभ्याच खाल्ल्या. हरकरे सर एका खुर्चीत बसून होते, डोळे चमकत होते. गौरांगीने टाळ्या वाजवल्या. मनात मात्र कुठेतरी बारीकसं टोचलं. ही पूड आपल्या हातची, आणि हे कधीच कुणाला सांगता येणार नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचा आनंद आपण मोजत बसलोय, हे तिचं तिलाच आवडलं नाही.

चारुदत्तने आणखी पूड मागितली. गौरांगीने एप्रिलमध्ये ती केली आणि पाठवली.

"ही काहीच करत नाही गं," चारुदत्त म्हणाला.

"तुझ्या थाळ्या खराब असतील."

"थाळ्या त्याच आहेत. पहिल्या बाटलीच्या तळाला चिमूटभर उरलंय, ते आजही काम करतंय. तुझं नवीन करत नाही."

तिने पुन्हा केली. आधीपेक्षा स्वच्छ. मग पुन्हा, त्याहून स्वच्छ. मशीनवर एकच रेष उमटत होती, ताठ, आजूबाजूला काहीही नाही. इतकं चोख काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. आणि जंतू मजेत वाढत होते.

मे महिन्यात विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. परिणाम पुन्हा मिळत नसेल तर विषय बंद करा, असं ते गोड शब्दांत म्हणाले. खिडकीजवळचा कोपरा नव्या प्राध्यापकाला लागणार होता.

हे सरांना तिनेच सांगायला हवं होतं. ती गेली तेव्हा ते सिंकपाशी काचेची भांडी धूत होते, हळूहळू, एकेक भांडं उजेडात धरून पाहत.

"सर, ते कंपाउंड... राहिलं. पुन्हा काही जमलं नाही."

"कोणी केलं पुन्हा?"

"मी."

"किती शुद्ध होतं?"

"अगदी शुद्ध, सर. एक डाग नाही."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि स्टुलावर बसले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर ट्रामच्या नव्या रुळांवर कामगार काहीतरी ठोकत होते.

"म्हणूनच," ते म्हणाले. राग नव्हता त्यांच्या आवाजात. उलट, लहान मुलाला समजवावं तसं ते बोलत होते. "माझी पूड तू टाकून देतेस, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे, गौरांगी. वादळाच्या त्या आठवड्यात तू नव्हतीस, म्हणून तुझी बाटली मी खोक्यातून काढली आणि बाजूला राखलेली माझी ठेवली."