घरातलं उदाहरण

आजोबांचा नियम ठरलेला होता. इंग्रजी शब्दाचा अर्थ ते सांगणार, उदाहरण मात्र नातीने घरातलंच शोधायचं. काल ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हट्टी, हे कळल्यावर तिने वहीत लिहिलं होतं, “आजोबांची दाढ. हलते, पण पडत नाही.” आजोबा पोट धरधरून हसले होते.

आजचा शब्द होता ‘फ्लिंच’.

“मार बसेल या भीतीने एकदम अंग चोरणं,” आजोबा म्हणाले. “याचं उदाहरण काही आपल्या घरात मिळायचं नाही, चिमणे. सोडून देऊ हा शब्द.”

तेवढ्यात त्यांची लेक ऑफिस सुटल्यावर मुलीला न्यायला आली. “झाला का अभ्यास, अण्णा?” म्हणत ती कपाटाला टेकून उभी राहिली.

“झालाच की!” आजोबांनी जाडजूड डिक्शनरी वरच्या फळीवर ठेवायला हात उचलला, तशी लेकीने डोळे गच्च मिटून दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.

आजोबांचा हात हवेतच थिजला.

“आजोबा, मिळालं!” नात वही उघडत म्हणाली. “बाबांनी हात उचलला की आई रोज अस्संच करते. मला फक्त त्याचा शब्द माहीत नव्हता.”