चार चौकटींचा पडदा

चंद्रभाननं घडीचा पडदा बैठकीत तिसऱ्यांदा सरकवला. अमरावतीला एका बदलून गेलेल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला, चार चौकटींचा, वर लांब मानेचे कसलेसे परदेशी पक्षी. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चंद्रभानला आता घरात देशमुखी आणायची होती. लेकीला, शकुनला, पाहायला येणारे पाहुणे देशमुख होते. त्यांच्या बाया गोषात राहत, परक्या पुरुषाच्या नजरेला पडत नसत. तेव्हा आजपासून आपल्याही!

"याच्याआडून बाहेर यायचं नाही," त्यानं बायकोला बजावलं. "अन् पोरगी वावरात जाते हे तर बोलूच नको."

सोयरीक मोठी होती, हे मनकर्णेलाही कळत होतं. पण कालपर्यंत वावरभर हिंडणारी लेक जन्मभर अशी कोंडून कशी राहील, हा विचार सकाळपासून तिची पाठ सोडत नव्हता.

पाहुणे आले. केशवराव देशमुख आणि त्यांचा मुलगा बैठकीत लोडाला टेकले. देशमुखीण गोदाबाई बैलांच्या झाकलेल्या दमणीतून थेट मागच्या दारी उतरल्या आणि पडद्याआड मनकर्णेजवळ येऊन बसल्या. शकुननं पाणी पुढे केलं, तसा त्यांनी तिचा हातच धरला. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला तो हात त्या उलटसुलट करून पाहू लागल्या.

पलीकडून चंद्रभानचा आवाज आला, "पोरीनं कधी उंबरठा ओलांडला नाही जी."

गोदाबाईंनी हात सोडला नाही. हळूच विचारलं, "कापूस वेचाले जातं का वं?"

शकुननं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, तेव्हा ती म्हणाली, "हो."

"आमची पऱ्हाटी लय हाय म्हणतात," गोदाबाई म्हणाल्या. "कापसाचं फूल पिवळं राहते ना? लहानपणी पाह्यलं असन. आता ध्यानात नाही."

घरातलं मीठ संपलं म्हणून सांगावं, तितक्या साधेपणानं त्या बोलल्या.

मनकर्णा उठली. पडद्याची कडेची चौकट धरून तिनं दुसरीवर आपटली, मग तिसरीवर, मग चौथीवर. बिजागऱ्या करकरल्या. घडी झालेलं ते धूड तिनं भिंतीला टेकवलं. बैठकीतली माणसं आ वासून बघतच राहिली.

"काय करून राहिली तू?" चंद्रभान ओरडला.

"खरं सांगून राहिली." ती जागची हलली नाही. "देशमुखजी, पोरगी माही वावरात जाते. निंदते, वेचते. लग्न झाल्यावरबी जाईन. चालत असन तर सोयरीक करा. नसन चालत तर पाणी पिऊन सुखानं जा."

केशवरावांनी पाण्याला हात लावला नाही. पागोटं सावरत ते उठले, मुलालाही त्यांनी उठवलं. "दमणी जुंपा!" ते बाहेर बघून गरजले. चंद्रभान हात जोडून त्यांच्या मागेमागे अंगणात धावला.

गोदाबाई मात्र बसूनच होत्या. कपाळावरून त्यांनी पदर तेवढा ओढून घेतला होता.

अंगणातून त्यांना केशवरावांची हाक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाई," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अंगणापर्यंत गेला, "तुमचं वावर कितीक दूर हाय?"

"गाव सोडलं का लागलंच." मनकर्णेनं मागच्या दारातल्या आपल्या वहाणा उचलून आणल्या आणि गोदाबाईंच्या पायांपुढे ठेवल्या.