पश्चिमेच्या भिंतीपासून सहा चाळीस

"अक्का, काँक्रीटची गाडी टिन फॅक्टरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलीय. आली की आत घेऊन पार्किंगच्या जागेवर लावतो," असं सांगून साइटवरच्या संग्रामनं फोन ठेवला.

इंदिरानगरच्या ऑफिसात शुभदा त्याच प्लॉटच्या नकाशावर राहिलेली मापं टाकत होती. कुंपणाच्या एका भिंतीची लांबी जुळेना, म्हणून तिनं सर्व्हेवाल्यांचा मूळ नकाशा उघडला. पश्चिमेच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या जागी, एक लहानसं वर्तुळ होतं. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जुनी विहीर, वर फरशी'.

तिच्या नकाशात तिथे नुसतं 'वाहनतळ' होतं.

शुक्रवारी ही दोन्ही नावं एकमेकांवर चढली होती. रघुनंदन सर मागून जाता जाता म्हणाले होते, "केवढी गिचमिड! पार्किंग ठेवा, दुसरं काढा." तिनं काढलं होतं. काय काढतोय ते वाचलंसुद्धा नव्हतं.

तिनं संग्रामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग कागदाच्या कपट्यावर दोन आकडे उतरवून घेतले आणि पर्सही न घेता ती जिना उतरली.

मेट्रोत ती बसली नाही. दाराशी उभी राहून फोन लावत राहिली. के. आर. पुरमपर्यंतची चार स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशनावर दार उघडून मिटेपर्यंत तिचा जीव वर-खाली होत होता. बेन्निगानहळ्ळीच्या पुढे खाली रस्ता दिसला. रोज जिथे बस तसूभर हलत नाही, तिथे आज गाड्या भराभर सुटत होत्या. त्यांत पाठीवर गरगरणारं पिंप घेतलेली गाडी तिनं शोधली. दिसली नाही. म्हणजे गेली.

"अण्णा, स्वल्प बेगा," ती रिक्षात बसल्यापासून, जरा लवकर, एवढंच म्हणत राहिली. रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी उलट्या बाजूनं दामटली.

काँक्रीटची गाडी फाटकातून मागे मागे आत शिरत होती. मागची चाकं पुढच्या चाकांच्या आधी कोपऱ्याकडे निघाली होती. संग्राम गाडीमागे उलट्या पावलांनी चालत, हात हलवत, येऊ दे म्हणून ओरडत होता, "बरली, बरली!" शुभदानं त्याला हाक मारली. पिंपाच्या घरघरीत तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. तिनं पायातली चप्पल काढली आणि ड्रायव्हरच्या दारावर धाडधाड हाणायला सुरुवात केली.

गाडी आचका देऊन थांबली.

"मरायचंय काय बाई?" देवाप्पा ड्रायव्हर कानडीत खेकसला. "भरलेली गाडी आहे! चाकाखाली आली असतीस तर?"

तिनं कपटा संग्रामच्या हातात दिला. पश्चिमेच्या भिंतीपासून सहा चाळीस, उत्तरेच्या भिंतीपासून तीन वीस मीटर. संग्रामनं काही न विचारता टेप ओढला. दोन गड्यांनी त्या जागेवरची माती फावड्यानं ओढली. वीतभर खाली दगडी फरशी लागली. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

संग्रामनं पहारीनं एक कोपरा रेटला. तुकडा निसटला आणि आत गेला.

सगळे उभे होते. आवाज येत नाही, येत नाही असं वाटत असतानाच खालून डुबुक झालं.

संग्रामनं सगळ्यांना मागे लोटलं. मग लांबूनच टेप धरून मागच्या चाकापासून फरशीच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. शुभदा टेपकडे बघत होती, पण तिला आकडा वाचता येत नव्हता.

"नव्वद सेंटिमीटर," संग्राम म्हणाला.

शुभदाचा फोन वाजला. रघुनंदन सर होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "कुणाला काही झालं नाही ना? मग सर्व्हेत विहीर नव्हतीच म्हणा. तुम्ही काही बोलू नका. मी बघतो."

तिनं फोन बंद केला. संग्राम समोरच उभा होता.

"नकाशात का नव्हती, अक्का?"

"होती," शुभदा म्हणाली. "मी काढली. अक्षरांवर अक्षरं येत होती म्हणून."

तो रागावेल, ओरडेल, या तयारीनं ती उभी राहिली. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फरशीकडे बघत होता.

"काल इथंच जेवायला बसलो होतो," तो म्हणाला. "सहाजण. सावली होती म्हणून."

ती एका पायातल्या चपलेनिशी मातीत मटकन खाली बसली.

गाडीचं पिंप अजून फिरतच होतं. देवाप्पा खाली उतरला. फरशीपासून लांब उभा राहून त्यानं त्या काळ्या भोकाकडे पाहिलं, मागच्या चाकांकडे पाहिलं, पुन्हा भोकाकडे पाहिलं. मग तो गाडीच्या पलीकडे गेला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"तिंडी आयता?" तो बायकोला विचारत होता. नाश्ता झाला का, एवढंच. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तो 'हां' म्हणाला आणि त्यानं पुन्हा विचारलं, "तिंडी आयता?"